चुनी खाणारी माणसं

"मॅडम, म्हशीचा दाह-अंक किती असतो?"

देवयानी पांचाळनं हा प्रश्न भर सभागृहात, माईक हातात धरून, अगदी साळसूद चेहऱ्यानं विचारला. मागच्या रांगेत आफरीन शेख आणि शिवकन्या स्वामी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून फुसफुसत होत्या. पैज त्यांचीच होती. "पुण्याच्या डॉक्टर मॅडमला म्हशीचं विचारून दाखव, तर तुला मानलं," असं आफरीननं मधल्या सुट्टीत म्हटलं होतं, आणि देवयानीनं "त्यात काय एवढं?" म्हणून नाक उडवलं होतं. वर्षभरापूर्वी हीच मुलगी हजेरीला 'येस सर' सुद्धा तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. पण आता ती साधीसुधी देवयानी राहिली नव्हती. लातूर जिल्ह्यातल्या एकूण एक शाळांमध्ये सगळ्यांत शांत पोट तिचं होतं, आणि ते यंत्रानं सिद्ध केलं होतं.

डॉक्टर आश्लेषा गोडबोले रागावल्या नाहीत. उलट खुशीत आल्या.

"छान! असे प्रश्न कुणी विचारत नाही. बस, बाळा. आधी दाह म्हणजे काय ते सांगते. आपल्या मोठ्या आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. एकच! कांद्याचा पापुद्रासुद्धा त्यापेक्षा जाड. ह्या भिंतीच्या अलीकडे अब्जावधी जिवाणू आणि पलीकडे शरीराचे शिपाई. भिंत धड असेल तर दोघं आपापल्या जागी गप्प. भिंतीला भेगा पडल्या की शिपाई चवताळतात, सुटतील तसे बाण सोडतात, आणि त्यात आपलंच घर पेटतं. ती आग म्हणजे दाह. ती किती भडकलीय हे शौचातल्या एका प्रथिनावरून मोजता येतं, तो दाह-अंक. पण काही भले जिवाणू ह्या भिंतीची डागडुजी करतात. ते ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. अस्तराच्या पेशी त्यावर जगतात आणि शिपायांनाही त्यानं शांतपणा येतो. असा एक फार गुणी जिवाणू आम्हाला तुमच्याच शाळेत सापडलाय."

सगळ्या माना देवयानीकडे वळल्या. तिनं मान ताठ केली.

"आता म्हशीचं. म्हैस काय खाते? चुनी. तुमच्या गावाला चुनी सांगायला नको."

नकोच होतं. डाळ भरडताना जी साल, तुकडे आणि भुगा निघतो ती चुनी, आणि लातूरच्या डाळ मिलांमधून ती पोत्यापोत्यांनी गोठ्यांकडे जाते.

"डाळीच्या सालीत जो तांबूस, काळपट रंग असतो ना, तो पॉलिफेनॉल ह्या संयुगांचा. कीड-बुरशीपासून दाणा वाचावा म्हणून झाडानं त्याला घातलेला अंगरखाच म्हणा. ही संयुगं वर फारशी पचत नाहीत. तशीच मोठ्या आतड्यापर्यंत जातात आणि तिथले जिवाणू त्यांचे तुकडे करतात. आग विझवायला ते तुकडे मदत करतात असं प्रयोगशाळेत दिसलंय. पण म्हशीच्या पोटाला चार कप्पे, तिचं गणित वेगळं, म्हणून तिचा अंक आम्ही काढत नाही. माणसानं चुनी खाल्ली असती तर कदाचित माझी नोकरीच गेली असती!" मॅडम हसल्या. "पण माणूस काय गोठ्यात जेवतो?"

अख्खं सभागृह हसलं. देवयानीही हसली. सगळ्यांत मोठ्यानं हसली.

त्या वेळी तिच्या दप्तरातल्या डब्यात चुनीची दोन धपाटी होती.

*

ते यंत्र काय होतं हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

गेली काही वर्षं पोरांची पोटं बिघडत चालली होती. शाळकरी वयात आतड्याला फोड, शौचात रक्त, पोट धरून वर्गाबाहेर पळणं. पाकिटातलं खाऊन वाढलेली पिढी, असं मोठी माणसं म्हणायची, जणू ती पाकिटं पोरांनीच घरात आणली होती! मग सरकारनं राज्यातल्या प्रत्येक शाळेच्या स्वच्छतागृहात दाहमापक बसवला. भांड्याच्या कडेला नखाएवढी पांढरी पट्टी. कोण बसलंय ते ती मनगटावरच्या पट्ट्यावरून ओळखायची आणि अंक थेट मुख्याध्यापिका बाईंच्या पडद्यावर पाठवायची. मुलींनी तिचं नाव ठेवलं होतं चुगली.

पन्नासच्या आत हिरवा. दोनशेच्या वर लाल. हे अंक रोज सकाळी व्हरांड्यातल्या फलकावर झळकायचे. गोपनीयता जपायची म्हणून नावं नाहीत, फक्त हजेरी क्रमांक. वा रे गोपनीयता! वर्गात कुणाला कुणाचा हजेरी क्रमांक ठाऊक नसतो? सतरा म्हणजे आफरीन शेख, हे शिपाईमामांनासुद्धा पाठ होतं. सतरा नंबर नेहमी लाल. आफरीनला बारा वर्षांची असल्यापासून आतड्याचा दाह होता. ती फलकासमोरून जाताना मुद्दाम सलाम ठोकायची. "आपला रंगच लाल, काय करणार?" म्हणायची. हसायची. मग तासाला बाहेर पळायची.

दहा नंबर म्हणजे देवयानी. तिचा अंक चार.

चार! कुणाला खरंच वाटेना. पट्टी बदलून पाहिली, तरी चारच. मग पुण्याहून अंत्रसुधा नावाची औषध कंपनी आली. त्यांनी देवयानीचं शौच तपासलं, रक्त तपासलं, लाळ तपासली, आणि त्यांना तो गुणी जिवाणू सापडला. पंधरा वर्षं तिच्या पोटात राहिलेल्या त्या जिवाचं त्यांनी 'एलटी-चार' असं बारसं केलं आणि मालकीहक्क स्वतःच्या नावावर नोंदवून टाकला. देवयानीला एक प्रमाणपत्र, एक शाल आणि फाटकावर मोठा फलक मिळाला. 'आमची हिरवी कन्या'. खाली तिचा फोटो, डोळे अर्धे मिटलेले.

एक फॉर्मही होता. चौदा रकाने. सातवा रकाना दात्याच्या रोजच्या आहाराचा. तो आईनं भरला होता, तिच्या गोल, टपोऱ्या अक्षरात. 'वरण-भात, पोळी, तूप, फळे.' 'फळे' वाचून देवयानीला त्या दिवशी गंमत वाटली होती. त्यांच्या घरात फळं यायची ती कुणाला ताप आला तर. पण ती काही बोलली नाही. सगळ्याच आया पाहुण्यांसमोर असं थोडं थोडं वाढवून सांगतात, त्यातलंच हे, असं तिला वाटलं.

एलटी-चारच्या गोळ्या तयार झाल्या तेव्हा चाचणीसाठी पहिल्या तीस रुग्णांत आफरीनची निवड झाली. डॉक्टर गोडबोलेंचं ते भाषण त्याच निमित्तानं होतं. सभागृहातून बाहेर पडल्या पडल्या आफरीननं देवयानीच्या गळ्यात हात टाकला.

"आता तुझे किडे माझ्या पोटात! आजपासून आपण पोटबहिणी."

"ई! किडे नाहीत गं ते, जिवाणू."

"तुझे आहेत म्हणजे किडेच असणार," आफरीन म्हणाली.

*

आठ आठवड्यांनी आफरीन शाळेत यायची थांबली होती.

देवयानी आणि शिवकन्या शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेल्या. आफरीन पलंगावर उशी पोटाशी धरून बसली होती. गालफडं आत गेलेली, मनगटावरचा पट्टा दोन बोटं सैल झालेला. फक्त जीभ तेवढी जागेवर होती.

"या, हिरव्या कन्या, या! फोटो काढून झाले का तुमचे?"

"गप की. अंक किती आहे?"

"सहाशे दहा. जिल्ह्यात पहिली आलेय. मलाबी शाल पाहिजे."

कुणीच हसलं नाही. आफरीनची अम्मी पाणी घेऊन आली. देवयानी तिला खाला म्हणायची. खाला हळू आवाजात बोलायला लागली. "गोळी सुरू केली त्या हप्त्यात अंक उतरला होता बेटा. दोनशेच्या खाली आला होता. मी शिरा केला, गल्लीत वाटला. मग चढायला लागला तो चढतोच आहे. दवाखान्यात म्हणतात, पंधरा दिवसांत नाही उतरला तर मोठं आतडं काढावं लागेल. पोटाला पिशवी लावतील."

"मग बघ," आफरीन म्हणाली, "चुगलीला माझ्याबद्दल काही सांगताच येणार नाही. कशी जिरली तिची!" आणि एकदम तिनं उशीत तोंड घातलं.

शिवकन्या तिची पाठ चोळत बसली. देवयानीला कुठं बघावं ते कळेना, म्हणून ती भिंतीकडे बघायला लागली. भिंतीवर कंपनीचा छापील कागद चिकटवलेला होता.

'रुग्णाचा आहार. जिवाणू ज्या वातावरणात वाढला तेच वातावरण त्याला मिळावे म्हणून रुग्णाने दात्याचाच आहार घ्यावा: वरण-भात, पोळी, तूप, फळे. यादीबाहेरचे काहीही खाऊ नये.'

देवयानीनं तो दोनदा वाचला. छापील अक्षरांच्या मागे तिला आईचं गोल, टपोरं अक्षर दिसायला लागलं.

"आमच्याकडे सालीसकट खडा मसूर लागतो रोज," खाला सांगत होती. "आखी मटकी, चवळी, हे सगळं हिला सोसायचं. दुखायचं कमी-जास्त, पण सोसायचं. ते सगळं बंद केलं. दोन महिने झाले, एक दाणा दिला नाही. यादीच्या बाहेर नाही गेलो आम्ही."

"खरं सांगू?" आफरीन उशीतून डोकं वर काढून म्हणाली. "तुमच्या घरचं जेवण इतकं मिळमिळीत असेल असं वाटलं नव्हतं गं. तुझ्या डब्याचा तर कसला खमंग वास येतो!"

देवयानीनं पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली आणला नाही.

*

शंका आली म्हणजे सिद्ध झालं असं नव्हे, हे तिला विज्ञानाच्या बाईंनी शिकवलं होतं. मग सिद्ध कसं करायचं? प्रयोगाचा उंदीर तर घरातच होता. रोज सकाळी आरशात दिसायचा.

तिनं आईला सांगितलं, "पित्त झालंय, धपाटं नको, वरण-भातच दे." दुकानातली पॉलिश केलेली, साल नावालाही नसलेली पिवळीधमक तूरडाळ आणि पांढरा भात. दोन्ही वेळा. आफरीनच्या भिंतीवरचं जेवण, अगदी तसंच.

पहिले दोन दिवस चार. तिसऱ्या दिवशी नऊ. मग बावीस. मग एक्केचाळीस. सहाव्या दिवशी अडुसष्ट, आणि फलकावरचा दहा नंबर हिरव्याचा पिवळा झाला. शाळेत असा गोंधळ उडाला की विचारू नका. मुख्याध्यापिका बाईंनी तिला खोलीत बोलावून "बाहेरचं काय खाल्लंस? वडापाव? खरं सांग!" असा चोराला दरडावतात तसा आवाज लावला. आदल्या आठवड्यापर्यंत ह्याच बाई तिला 'आपली देवयानी' म्हणत होत्या. नवव्या दिवशी अंक एकशे बारा झाला. कंपनीचा फोन आला की डॉक्टर गोडबोले उद्या सकाळी दहाला स्वतः येत आहेत, पालकांनाही बोलवा. गोळीसाठी कंपनीनं पुण्यात मोठा कार्यक्रम ठेवला होता, आणि त्यात देवयानीला व्यासपीठावर बसवायचं होतं ना! पिवळी कन्या कशी चालेल?

एकशे बारा हा आकडा देवयानीनं वहीत आधीच्या आकड्यांखाली लिहिला, इतक्या रागानं की कागद फाटला.

आता सगळं जागेवर बसत होतं. तिचे पप्पा डाळ मिलमध्ये फिटर होते, म्हणून तिला ते मिलच्याच भाषेत समजलं. एलटी-चार ही गिरणी. चुनी हा तिच्यात पडणारा दाणा. सालीतला चोथा आणि ती तांबूस संयुगं जिवाणू खातात, भरडतात, आणि त्यातून भिंतीचा खुराक बाहेर पडतो. कंपनीनं आफरीनच्या पोटात गिरणी बसवली आणि वरून कागद चिकटवला की दाणा घालू नका! घरात जो मसुराचा, मटकीचा सालीसकट दाणा पडत होता तोसुद्धा बंद करवला. पहिल्या आठवड्यात उरल्यासुरल्यावर गिरणी फिरली. मग उपाशी मेली. आणि तीस घरांत तीस कागद चिकटवलेले होते.

कंपनीनं शौच तपासलं होतं, रक्त तपासलं होतं, लाळ तपासली होती. ताट कुणीच बघितलं नव्हतं.

*

ती घरी आली तेव्हा आई अंगणात बसून चुनी चाळत होती.

हे दृश्य देवयानीनं जन्मापासून पाहिलेलं. मिलमधून आणलेली चुनी आधी बारीक चाळणीतून काढायची, खडे-काड्या वेचायच्या, काळा, बुरशीचा कण दिसला तर मूठच्या मूठ फेकायची, मग धुऊन, कडक वाळवून, लोखंडी कढईत तांबूस भाजायची आणि ज्वारीच्या पिठात मिसळायची. खमंग वास यायचा तो ह्याचा. आणि जन्मापासून ऐकलेलं दुसरं वाक्य म्हणजे, "शाळेत विचारलं तर ज्वारीचं म्हणायचं."

महानंदानं, म्हणजे आईनं, मान वर केली. "आलीस का? पित्त कसं हाय?"

"मला पित्त झालंच नव्हतं." देवयानीनं दप्तर ओट्यावर आपटलं. "आई, फॉर्ममध्ये तू चुनी का नाही लिहिलीस?"

चाळणी थांबली.

"कशाच्या फॉर्ममध्ये?"

"तुला माहितंय कशाच्या! सातव्या रकान्यात. वरण-भात, पोळी, तूप. फळे! कुठली फळं खातो गं आपण?"

"हळू बोल. शेजारी ऐकायलेत."

"ऐकू दे! आफरीनचं आतडं काढायलेत, आई! तू लिहिलेलं जेवण तिच्या भिंतीवर चिकटवलंय. ती दोन महिने तेच खायलीय आणि मरायलीय. मी नऊ दिवस खाल्लं तर माझा अंक चारवरून एकशे बारावर गेला."

तिनं सगळं सांगितलं, धापा टाकत, मधेच सोडून, पुन्हा मागे जाऊन. आई ऐकत राहिली. तिच्या हाताला चुनीचा तांबूस भुगा लागला होता, तो ती पदराला पुसायचाही विसरली.

"ती बाई समोर बसली होती," आई म्हणाली. "कंपनीची. पांढरेशुभ्र कपडे, नखं रंगवलेली. म्हणली, ताई, घरी रोज काय खाता? मी काय म्हणू? जनावराचं खाणं खातो म्हणू? तुझा फोटो फाटकावर लागणार होता. त्याच्या खाली काय लिहिलं असतं लोकांनी?"

"त्यांनी काहीबी लिहू दे की!"

"तुला बोलायला सोपं हाय. मिलच्या फाटकातून आम्ही कामावरच्या बावीस बाया चुनी आणतो. रोज. वॉचमननं विचारलं की सांगतो, म्हशीसाठी. बावीस जणींपैकी एकीच्याबी दारात म्हैस नाही. वॉचमनला माहितंय, मुकादमाला माहितंय. कुणी काही बोलत नाही, आम्हीबी बोलत नाही. एकमेकींच्यात सुद्धा बोलत नाही, देवू. मला वाटायचं फक्त आपणच खातो. मग एकदा सखूबाईच्या डब्यातला वास आला."

तेवढ्यात पप्पा आले. सायकल भिंतीला लावून दारातच थबकले. व्यंकट पांचाळ कमी बोलणारा माणूस, पण माय-लेकींचे चेहरे बघून त्यांनी टोपी काढून हातात घेतली. आईनं चार वाक्यांत त्यांना सांगितलं. ते कट्ट्यावर बसले.

"उद्या मॅडम येणार म्हणून शाळेतून मलाबी फोन आला होता," ते म्हणाले. "मी म्हणलं, लेकरानं बाहेरचं काही खाल्लं असंल. देवू, तसंच म्हणू या आपण. चार दिवस धपाटी खा, अंक उतरंल, विषय संपला."

"आणि आफरीन?"

पप्पा टोपीवरची धूळ झटकायला लागले.

"पप्पा, आफरीनचं काय?"

"तिच्या घरी गुपचूप सांग. मसूर सुरू करा म्हणावं."

"आता? सहाशेच्या वर अंक असताना? आतडं सोलून निघालंय तिचं. आता साल द्यायची तर कशी, किती, शिजवून का अर्क काढून, हे डॉक्टरच ठरवू शकतात. आणि डॉक्टरांना काय माहीत असणार? त्यांच्या कागदावर वरण-भात लिहिलंय! आणि बाकीची एकोणतीस जणं? त्यांच्या घरी कोण गुपचूप जाणार?"

"अगं पण..." पप्पांनी टोपी दोन्ही हातांनी पिळली. "तुला कळत नाही असं नाही. उद्या कंपनीला कळलं की औषध चुनीत हाय, तर परवा मिलमधल्या चुनीला कुलूप लागंल. सगळी पोती पुण्याला. ते कुलूप बसवायला मलाच सांगतील, फिटर मीच हाय. बावीस बायांच्या घरात रोज तेच शिजतंय. त्यांनी काय खायचं मग?"

पप्पा चूक बोलत नव्हते, आणि ह्याचाच देवयानीला सर्वांत जास्त संताप आला. ज्या कंपनीनं तिच्या पोटातला जीव स्वतःच्या नावावर केला, ती चुनी सोडेल?

आई खाली मान घालून चाळणीच्या कडेवर बोट फिरवत होती. देवयानी तिच्यासमोर मांडी घालून बसली. मूठभर चुनी हातात घेतली. तुरीची तपकिरी साल, नखाएवढी, हलकी.

"पप्पा, साल मिलमध्ये तयार होते का?"

"म्हंजे?"

"मिलमध्ये नुसती निघते. तयार होते ती शेतात. प्रत्येक तुरीला असती. मुगाला, मसुराला, मटकीला, हुलग्याला, सगळ्यांना. खालाच्या घरी आख्खा मसूर शिजत होताच की! कुलूप लावून लावून किती दाण्यांना लावतील? त्यांनी फक्त कंपनीत बसून, दार लावून ऐकलं, तर ते चुनीला कुलूप लावतील. पण त्याच वेळी सगळ्यांनी ऐकलं तर? शाळेतल्या पोरींनी, त्यांच्या आयांनी, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी? मग ते गुपित राहील का?"

"लोक हसतील," आई म्हणाली.

"हसतील." देवयानीनं मुठीतली चुनी परत चाळणीत टाकली. "मी हसले होते, आई."

"कवा?"

"त्या मॅडमच्या भाषणात. त्या म्हणल्या, माणूस काय गोठ्यात जेवतो? सगळे हसले. मीबी हसले. सगळ्यांत मोठ्यानं हसले, म्हणजे कुणाला संशय नको. दप्तरात तुझी धपाटी होती आणि मी तुझ्यावर हसले. उठून म्हणायला पाहिजे होतं की आम्ही जेवतो, या आमच्या घरी, बघा. तेव्हाच म्हणले असते तर आफरीनला ती गोळी त्या कागदासकट मिळाली नसती. म्हशीचं विचारायला मला भीती वाटली नाही. आपलं सांगायला वाटली."

आईनं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही, पण मायेनंही नाही. मोठ्या माणसाकडे बघतात तसं बघितलं. मग चाळणी उचलली, दोनदा हलवली, पुन्हा खाली ठेवली.

"मीबी तुला तेच शिकवलं ना," ती म्हणाली. "ज्वारीचं म्हणायचं."

पप्पांनी टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. रस्त्यावरून मिलचा ट्रक गेला आणि घराची दारं थरथरली.

देवयानी उठली. कपड्याला लागलेला भुगा तिनं झटकला नाही.

"ऐका दोघंबी. मी आत्ता खालाच्या घरावरून दवाखान्यात जायलेय. आधी खालाला सांगणार, मग तिथल्या डॉक्टरांना. मी नऊ दिवसांत काय खाल्लं आणि अंक किती चढला, ते वहीत लिहिलंय, ते दाखवणार. आणि उद्या दहा वाजता शाळेत त्या मॅडमना एकट्यांना गाठून सांगणार नाही, सभागृहात सगळ्यांसमोर सांगणार. माईक नाही दिला तर ओरडून सांगणार. पुण्याला त्यांच्या व्यासपीठावर मी बसणार नाही, तो फलकबी उतरवा म्हणणार. आपण काय खातो, कसं वेचतो, कसं भाजतो, सगळं सांगणार. पप्पा, तुम्ही नाही म्हणलात तरी सांगणार, म्हणून तुम्हाला विचारत नाही, नुसतं कळवायलेय. आणि आई, तुझं नाव घ्यायचं का नाही, तेवढं सकाळपर्यंत तू ठरव. ते तुझं आहे. बाकी माझं ठरलंय."